‘खानदेश’ टाइप करून बघा, मगच पैसे द्या

वस्तू: गोदरेजचं मराठी टाइपरायटर, ऑफिसातलं मोठं मॉडेल, अर्थातच सेकंडहँड. गोदरेजनं १९५५ मध्ये टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये ते काम थांबवलं, त्यामुळे कोरं मशीन विसरा. जळगाव, धुळे, भुसावळकडे विकायला येतं ते एकतर ऑफिसच्या अडगळीतलं असतं, नाहीतर टायपिंग इन्स्टिट्यूटमधलं. राज्य परीक्षा परिषदेची मिनिटाला तीस-चाळीस शब्दांची टायपिंगची परीक्षा संगणकावर गेली आणि इन्स्टिट्यूटवाल्यांनी बाकांसकट मशीनं काढली. दोन्हींत निवडायचं तर इन्स्टिट्यूटचं घ्यावं. शिकाऊ बोटांनी ते ठोकलेलं असतं हे खरं, पण रोज चाललेलं आणि वेळच्या वेळी ओव्हरहॉल झालेलं असतं. बंद कपाटात दहा वर्षं धूळ खाल्लेलं मशीन वरून चकचकीत दिसतं आणि आतून धरलेलं निघतं.

घेण्याआधी कागद लावून ‘खानदेश’ एवढा एकच शब्द ओळभर टाइप करा. संगणकावर ख म्हणजे एक अक्षर. टाइपरायटरवर आधी अर्धा ख, मग काना. त्यापुढे खा चा दुसरा काना, मग न, द, मात्रा, आणि शेवटी अर्धा श अधिक काना. आठ ठोके झाले. यात मशीनचं सगळं बिंग फुटतं. अर्धा ख आणि त्याचा काना यांत फट पडली तर ‘खा’ वाचताच येत नाही. कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, एका ठोक्याला जास्त सरकतंय असं समजा. मात्रेची कळ डेड की असते, म्हणजे ठोका पडला तरी कॅरेज जागेवरच राहिलं पाहिजे. ते सरकलं तर मात्रेनंतर मोकळी जागा दिसेल. अर्धी अक्षरं बरीचशी शिफ्टवर असतात, म्हणून शिफ्टची पातळी बिघडली की शिफ्टवरचं अर्धं अक्षर वर आणि त्याचा काना खाली बसतो. इंग्रजी मशीनमध्ये एवढा फरक नजरेआड होतो. मराठीत शिरोरेषा आहे, ती पायरीसारखी तुटलेली लगेच दिसते. शिफ्टचा दोष स्क्रूवर निघतो. डेड कीचा दोष निघायला जाणता मेकॅनिक लागतो, आणि आता खरी टंचाई त्याचीच आहे.

नंतर एक अख्खी ओळ नुसत्या कान्यांची. ओळीच्या सुरुवातीला स्प्रिंगचा ताण सगळ्यात जास्त असतो, शेवटाकडे कमी होत जातो. म्हणून शेवटच्या दहा-बारा कान्यांत कॅरेज रेंगाळलं, तर रुळांत मळ आहे किंवा स्प्रिंग ढिली आहे. आधी मळ काढून बघा. स्प्रिंगचा ड्रम घरी उघडू नका. ताण एकदम सुटला तर बोट सोलून निघतं.

रोलरवर नख दाबून बघा. नखाची खूण उमटत नसेल तर रबर दगड झालंय. जुन्या रबराचं तसंही होतंच, आपला मे महिना ते लवकर करतो. दगड झालेल्या रोलरवर कागद घसरतो, पूर्णविराम आणि अनुस्वार कागदाला भोकं पाडतात, अक्षरांच्या ठशांची धारही मरते. तात्पुरता उपाय म्हणजे टाइप करायच्या कागदामागे आणखी एक कोरा कागद लावणं. भाव करताना मात्र घासाघीस रोलरवरूनच करा.

तेलाबद्दल. टाइपबारच्या, म्हणजे टोकाला अक्षराचा ठसा असलेल्या, काड्या जिथे एकत्र येतात त्या अर्धगोल खाचांत तेल टाकायचं नाही, एक थेंबही नाही. पहिले दोन दिवस मशीन पळतं. मग धूळ बसते, आणि जिनिंगच्या आसपास घर असेल तर कापसाचा तंतूही. त्याचा चिकटा होतो, काड्या वर जातात आणि तिथेच राहतात. असं मशीन हाती आलंच तर टूथब्रश पेट्रोलमध्ये बुडवून खाचा घासा, उघड्या अंगणात आणि विडी-काडीपासून लांब. मशीनखाली जुनं वर्तमानपत्र घाला. रंगावर आणि प्लॅस्टिकवर पेट्रोल सांडू देऊ नका. शिलाई मशीनचं तेल फक्त कॅरेजच्या रुळांना, तेही कापडावर घेऊन पुसल्यासारखं.

रिबिन, म्हणजे शाईची फीत, साधारण १३ मिलिमीटर रुंदीची, काळी किंवा काळी-लाल. पूर्ण काळी घ्या: वरची कड फिकी झाली की उलटी लावून दुसरी वापरता येते. उन्हाळ्यात ती वाळते, म्हणून जास्तीची रिबिन घट्ट डबीत ठेवा. वाळलेलीच मिळाली तर गुंडाळलेल्या कडेवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडून रात्रभर बंद डबीत ठेवा. जास्त तेल झालं तर अक्षरं फुटतात. नव्या रिबिनीचं स्पूल, म्हणजे फिरकी, मशीनला बसेलच असं नाही. न बसल्यास रिबिन जुन्या स्पूलवर गुंडाळावी लागते.

आता लिहिणाऱ्याच्या कामाचं. लाइट गेली तरी हे चालतं, कार्बन घातला की प्रत हातात, मोबाइलची टुणटुण नाही. मागे जाऊन वाक्य फिरवता येत नाही, म्हणून वाक्य आधी डोक्यात पक्कं करावं लागतं. ज्याला हेच हवंय त्यानं घ्यावं. प्रकाशकाला मात्र युनिकोड फाइल लागते, आणि अर्धं अक्षर अधिक काना असा छापलेला कागद स्कॅन करून मजकूर नीट निघेल, या भरवशावर राहू नये. मजकूर पुन्हा टाइप करावाच लागतो. ते दुसरं टायपिंग हेच संपादन मानत असाल तर वेळ फुकट जात नाही. सदर लिहिणाऱ्यांनी, ज्यांना संध्याकाळी पाचला फाइल पाठवायची असते त्यांनी, या वाटेला जाऊ नये.

आवाज मोठा आहे. खाली जाड सतरंजी चौघडी करून घातली तर बराच कमी होतो. वजन पंधरा किलोच्या आसपास, तेव्हा टेबल डुगडुगतं नको. एसटीनं आणणार असाल तर मार्जिनचे दोन्ही अडसर मध्यावर आणून कॅरेज हलणार नाही असं करा, वरून सुतळीनं बांधा. आणि निघताना विकणाऱ्याकडून रिकामे स्पूल मागून घ्या. त्याला ते भंगार वाटतात.