फिरत्या नळ्यांची पाणबुडी आणि न फिरणारा संच

बेळगावच्या खडेबाजारात रिमोटवर धावणाऱ्या मोटारी हव्या तेवढ्या मिळतात. जोडून उभी करायची युद्धनौका मात्र बाहेरून मागवावी लागते. ‘कासाबियांका’ या फ्रेंच पाणबुडीचा प्लास्टिकचा संच मी जूनमध्ये असाच मागवला. प्रमाण एकास साडेतीनशे, किंमत २,८०० रुपये. उद्यमबागेतल्या फौंड्रीत कास्टिंग तपासण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली, त्यामुळे डबा उघडताच मी आधी बारीक माप घेण्याचा व्हर्निअर शोधला याचे घरात कोणाला नवल वाटले नाही.

विक्रेत्याने बिलावर ‘कासाब्लांका’ छापले होते. मोरोक्कोतल्या त्या शहराशी या पाणबुडीचा संबंध नाही. १७९८ मध्ये इजिप्तजवळच्या अबुकीरच्या लढाईत मारला गेलेला कोर्सिकन कप्तान कासाबियांका याचे नाव तिला दिलेले आहे. संच ज्या वर्गाचा, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या ज्या पाणबुड्यांचा आहे, तो ‘रदुताब्ल’ वर्ग. या वर्गातली पहिली पाणबुडी १९२८ मध्ये पाण्यात उतरली आणि एकूण ३१ बांधल्या गेल्या. पृष्ठभागावर दीड हजार टनांच्या आसपास वजन असल्याने फ्रेंच आरमारात त्यांना ‘पंधराशे टनी’ म्हणत.

मूळ लांबी ९२.३ मीटर, म्हणजे प्रतिकृती २६.४ सेंटिमीटर भरायला हवी. माझ्या मापात ती २६.३ आली, एवढा फरक मी कास्टिंगलाही चालवून घेतला असता. नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, गोलाई आणि कमानीसारखा उतरत जाणारा डेक सुरेख साधला आहे. मागच्या टोकाला मात्र दोन्ही अर्धे जुळत नाहीत. पार्टिंग लाइनवर, म्हणजे त्यांच्या सांध्यावर, अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहते; ती पुटी भरून आणि पाण्याचा पॉलिश पेपर फिरवूनच जाते.

माझी खरी तक्रार पुढे आहे. या वर्गाचे वैशिष्ट्य म्हणजे तिच्या टॉर्पेडो नळ्या. पुढच्या टोकाला ५५० मिलिमीटरच्या चार नळ्या आहेत; पुढच्या टोकाला नळ्या बहुतेक देशांच्या पाणबुड्यांना असत. पण मनोऱ्यामागे तीन नळ्यांचा आणि त्याच्याही मागे ५५० च्या दोन व ४०० च्या दोन अशा चार नळ्यांचा, असे दोन गट फिरत्या बैठकांवर बसवलेले होते. पाणबुडी न वळवता बाजूच्या जहाजावर नेम धरता यावा हा त्यामागचा विचार. त्या नळ्या मुख्य दाबकायेबाहेर, म्हणजे पाण्याचा दाब सोसणाऱ्या आतल्या कवचाबाहेर, असल्याने समुद्रावर पुन्हा भरता येत नसत, म्हणजे सोयीची किंमतही होतीच. या संचात दोन्ही बैठका डेकशी एकसंध ओतल्या आहेत. तोफेचे तोंड मात्र फिरते. ज्या अवयवामुळे हा वर्ग ओळखावा तोच मुका ठेवला आहे, हे मला कारागिरीतले अज्ञान वाटते. मी बारीक करवतीने मधली बैठक कापून काढली. शहापूरच्या मित्राने लेथवर पितळेची एक मिलिमीटरची खुंटी करून दिली. आता जेमतेम दोन सेंटिमीटरचा तो तुकडा नखाने ढकलला की वळतो.

रंगकामाबाबत एक सूचना. आमच्याकडच्या जुलैच्या पावसात स्प्रेचा प्रायमर पांढरट पडतो. पहिला थर मला खरवडून काढावा लागला. दुसऱ्या वेळी लाकडी खोक्यात साठ वॅटचा बल्ब लावून भाग सुकवले, तेव्हा काम जमले.

पुस्तिकेत इतिहासाला चारच ओळी दिल्या आहेत, आणि त्या अपुऱ्या आहेत. २७ नोव्हेंबर १९४२ रोजी फ्रान्सच्या तुलोन बंदरात जर्मन फौजा शिरल्या आणि फ्रेंचांनी आपलेच आरमार बुडवले, तेव्हा कप्तान लेर्मिनिए यांनी ‘कासाबियांका’ बाहेर काढून अल्जिअर्सला नेली, एवढेच तिथे येते. सप्टेंबर १९४३ मध्ये साठ-एक खलाशांसाठी बांधलेल्या याच पाणबुडीतून १०९ सैनिक कोर्सिकातील अजाक्सिओला उतरवले गेले, हे गाळले आहे. दोन भगिनी पाणबुड्या तर युद्धाआधीच गेल्या : ‘प्रोमेते’ जुलै १९३२ मध्ये शेरबूरजवळ चाचणीदरम्यान ६२ जणांसह बुडाली आणि ‘फेनिक्स’ जून १९३९ मध्ये इंडोचायनाच्या किनाऱ्याजवळ. युद्ध संपले तेव्हा ३१ पैकी पाचच उरल्या होत्या.

पहिल्यांदाच संच जोडणाऱ्याने हा घेऊ नये. हाताला कानस आणि करवतीची सवय असेल, तर नाळेच्या आकारासाठी तो घेण्यासारखा आहे. नाजूक कठड्यांचा पितळी पत्रा मात्र वेगळा घ्यावा लागतो, कारण डब्यातले प्लास्टिकचे कठडे चौकटीतून सोडवतानाच तुटतात. माझे सहापैकी चार तुटले.