अमिट्राझ सात महिने वापरलं: औषध गुणाचं, पण बाटलीशी सलगी नको

आमच्याकडे आठ मोठी जनावरं, तीन वासरं आणि एक कुत्रा. गेले सात महिने गोचिडांसाठी अमिट्राझ १२.५ टक्के वापरतेय, पाण्यात मिसळून अंगावर फवारायचं ते. औषध लागू पडतं का, एवढंच ज्यांना हवंय त्यांना सांगते: पडतं, आणि चांगलं पडतं. मला लिहायचंय ते मात्र औषध मोजून पंपात ओतेपर्यंतच्या पाच मिनिटांबद्दल. आमच्या घरात जे झालं, ते त्या पाच मिनिटांत झालं.

आधी गुण सांगते. एका कालवडीच्या कानात गोचिडांचा नुसता थर बसला होता. सकाळी फवारलं आणि दुपारी कान उलटून पाहिला, तर रुतून बसलेले गोचीड तोंड सोडून केसांवर चालायला लागले होते. एरंडीच्या बीएवढा फुगलेला एक गोचीड तिच्या गालावरून घरंगळत गव्हाणीच्या काठावर पडला. मला वाटलं होतं, ते जागच्या जागी मरतील. जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं की गोचिडाच्या मज्जासंस्थेत ऑक्टोपामीन नावाचा जो निरोप्या असतो, त्याच्या जागांवर हे औषध बसतं आणि त्या सतत चेतवत राहतं. गोचीड बेचैन होतो, चावा सोडतो आणि गळून पडतो. हाताने उपटले की त्यांचं तोंड कातडीत तुटून राहायचं आणि तिथे जखमा चिघळायच्या. तो त्रास संपला.

पण एका फवारणीत गोचीड संपत नाहीत. पोट भरलेली मादी जनावरावरून खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत, दगडाखाली दोन-तीन हजार अंडी घालते. बारा-पंधरा दिवसांनी जांघेत आणि शेपटीच्या बुडाशी मोहरीएवढी पिल्लं पुन्हा दिसली. गोठ्यातल्या भेगा बुजवल्या, शेण-कचरा कोपऱ्यात साठू देणं बंद केलं, तेव्हा कुठे दोन फवारण्यांतलं अंतर वाढलं.

आता त्या पाच मिनिटांकडे येते. प्रमाण एक लिटर पाण्याला २ मिली. म्हणजे अंगावर जातं ते ०.०२५ टक्के, आणि बाटलीत असतं १२.५ टक्के. बाटलीतलं औषध पंपातल्यापेक्षा ५०० पट कडक. हा हिशेब मी आधी कधी मांडलाच नव्हता. फवारताना आम्ही तोंडाला फडकं बांधायचो आणि बाटली उघडताना उघड्या हातांनी टोपणाने मापायचो. जपायचं होतं तिथे मोकाट आणि त्या मानाने धोका कमी होता तिथे बंदोबस्त, असा सगळा उलटा कारभार.

तिसऱ्या महिन्यात भावजींच्या हातून भरलेली बाटली निसटली. अर्धं औषध मांडीवर आणि उजव्या हातावर सांडलं. त्यांनी फडक्याने पुसलं आणि तीच भिजलेली पँट घालून तासभर फवारणी उरकली. नंतर ओट्यावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, डोळे मिटतायत हो, तोंडाला पण कोरड पडलीय." उन्हाने थकले असतील असं समजून मी पाणी दिलं. दहा मिनिटांनी हाक मारली तर उत्तर जडपणे आलं, आणि नाडी पाहिली तर फारच सावकाश. तेव्हा मात्र धडकी भरली. पँट काढायला लावली, साबण लावून मांडी आणि हात भरपूर पाण्याने धुतले आणि गाडीत घातलं.

निघताना सासूबाईंनी बाटली पिशवीत टाकली. त्या दिवशी सर्वांत शहाणपणाचं काम त्यांनी केलं. दवाखान्यात विचारलं, अंगावर काय पडलं? मी म्हणाले, "गोचिडाचं औषध." डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, नाडी मंद, गुंगी. ही लक्षणं ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेसारखीच दिसतात, आणि गोचिडांची काही औषधं खरोखरच त्या गटातली असतात. त्या विषबाधेला अॅट्रोपिनचे मोठे डोस आणि जोडीला आणखी एक उतारा देतात. अमिट्राझची तऱ्हा वेगळी आहे. माणसासाठी त्याला खास उतारा नाही. श्वास, रक्तदाब आणि नाडीवर लक्ष ठेवायचं, जे बिघडेल ते सावरायचं. नाडी फारच मंदावली तर अॅट्रोपिन देतात, पण तेवढ्यापुरतंच. बाटलीवरचं नाव वाचून डॉक्टरांनी त्या दिशेने उपचार ठेवले. रक्तातली साखरही चढली होती, तीही या औषधाची खूण. दुसऱ्या दिवशी दुपारी भावजी नीट बोलायला लागले.

तेव्हापासून आमच्या घरात "गोचिडाचं औषध" हा शब्द कुणी वापरत नाही. लहानथोर सगळे अमिट्राझ म्हणतात. लेबलचा फोटो चारही फोनमध्ये आहे.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही. औषध झायलीनसारख्या द्रावकात विरघळवलेलं असतं. उलटीत ते श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसांना इजा होते. मीठ-पाणी पाजणारी मंडळी प्रत्येक घरात असतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

याच द्रावकामुळे औषध पेट घेतं, त्यामुळे जवळपास चूल किंवा विडीकाडी नको. इंजेक्शन देताना घालतात ते पातळ लॅटेक्सचे मोजेही याच्यापुढे टिकत नाहीत. मी कोपराकडे येणारे जाड नायट्राइलचे मोजे घेतलेत. पण मूळ औषधाचे थेंब पडले की तेही लगेच उतरवते, कारण झायलीन त्यांतूनही हळूहळू आत शिरतं. सोबत बंद चष्मा, लांब बाह्या, रबरी बूट आणि प्लॅस्टिकचा एप्रन. फडक्याने वाफ अडत नाही, म्हणून मोजमाप उघड्यावरच, वारा पाठीशी घेऊन. टोपण मापाला कायमचं बंद. बिनसुईची १० मिलीची सिरिंज त्याच कामाला ठेवलीय, तिच्यावर लाल पट्टी गुंडाळलीय. १६ लिटरच्या पंपाला ३२ मिली. आधी अर्धा पंप पाणी, मग औषध, मग उरलेलं पाणी. दुधासारखं पांढरं झालं की ढवळायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. पातळ केलेलं औषध ठेवून चालत नाही, पाणी आम्लधर्मी असेल तर आणखी लवकर मोडतं. धुण्याचं पाणी ओढ्या-तळ्यात सोडायचं नाही, माशांना ते घातक आहे.

भावजींना जी गुंगी आली, तिचं कारण आमच्या पशुवैद्यांनी फार सोपं करून सांगितलं. जनावराला शांत करायला झायलाझिन टोचतात ना, ते शरीरात ज्या अल्फा-२ जागांवर बसतं, त्याच जागांवर अमिट्राझ बसतं. म्हणून झोप, मंद नाडी, थंड पडलेलं अंग, सुस्तावलेलं आतडं. एखाद्या जनावराला हे जास्त झालं तर योहिम्बीन किंवा अॅटिपामेझोल हा उतारा पशुवैद्य देऊ शकतात. फवारलेल्या जनावराला भूल द्यायची वेळ आली तर फवारणी कधी केली हे त्यांना आधी सांगायला हवं.

आतडं सुस्तावण्यावरून सांगते, घोड्याला हे औषध कधीही लावू नका. घोड्याचं आतडं थांबतं आणि पोटशूळ जिवावर बेततो. मांजरालाही नको. चार महिन्यांच्या आतल्या कुत्र्याच्या पिल्लालाही नको. आमचा कुत्रा फवारणीच्या वेळी गोठ्याबाहेर बांधलेला असतो, कारण गायींच्या अंगावरून ठिबकलेलं तो चाटतो. जनावरं भर उन्हात, तहानलेली किंवा आजारी असताना फवारत नाही, कारण अंगाचा ताप सांभाळण्याची शक्ती या औषधाने काही वेळ कमी होते. गव्हाण झाकते, डोळे टाळते, धारेआधी कास धुते. दुधाचे नियम देशागणिक आणि उत्पादनागणिक वेगळे असतात, त्यामुळे त्यासाठी बाटलीवरचं लेबलच प्रमाण.

माणसांतही हे काम सरसकट सगळ्यांचं नाही. मधुमेह असलेल्यांनी दूर राहावं, साखर चढते. मानसिक आजारावर एमएओ रोधक गटाची (मेंदूतली काही रसायनं मोडणारं एमएओ नावाचं एन्झाइम दाबणारी) गोळी चालू असेल त्यांनीही, कारण अमिट्राझ तेच एन्झाइम दाबतं. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे. आयुष्यभर गोठा सांभाळलेल्या माणसाला "तुम्ही आज बाहेर बसा" म्हणणं मला जड गेलं. ते ऐकतात, पण प्रत्येक वेळी खुर्ची दारापाशी ओढून घेतात.

पाचपैकी चार गुण देईन. एक कापला तो लेबलवरच्या अक्षरांसाठी. विषबाधेची सूचना भिंग लावून वाचावी लागते, आणि घाबरलेल्या माणसाच्या हाताशी भिंग नसतं.

सध्या मूळ बाटली कुलपात आहे, किल्ली माझ्याकडे. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच घेते आणि मग बाटलीला भोकं पाडते, म्हणजे कुणी तिच्यात तेल-रॉकेल भरणार नाही.

गेल्या फवारणीनंतर एका गायीच्या मानेखालच्या पोळीत चौथ्या दिवशीही सात-आठ गोचीड तसेच चिकटलेले दिसले. अमिट्राझला दाद न देणारे गोचीड बऱ्याच देशांत आढळलेत, हे मी ऐकून आहे. हात औषध वाढवायला शिवशिवला, पण वाढवलं नाही. चारी बाजूंनी नीट भिजलं होतं की पोळीची घडी कोरडी राहिली, हे आधी पाहायचंय. त्या गायीच्या दाव्याला पिवळी चिंधी बांधलीय. पुढच्या वेळी घडी हाताने उलगडून भिजवणार, चार दिवसांनी पुन्हा मोजणार, आणि तरी राहिले तर पशुवैद्यांना विचारून वेगळ्या गटाचं औषध घेणार.