कपाटातल्या कॅसेट, स्पूल आणि रिळं: घरी करायचं की बाहेर द्यायचं?

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात व्याख्यानमालेचं एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली सापडली तेव्हा आतून 340 कॅसेट, 22 स्पूल (उघड्या चकतीवर गुंडाळलेल्या फिती), 8 मिमी फिल्मचे 15 डबे आणि एक खोकंभर व्हीएचएस निघाल्या. कार्यकारिणीत लगेच दोन तट पडले. एक म्हणे, ‘पुण्याला नेऊन टाकू, महिन्याभरात पेन ड्राइव्हवर हातात येईल.’ दुसरा म्हणे, ‘टेपरेकॉर्डर आहेच की, लॅपटॉपला जोडला की झालं.’ दोन्ही तट अर्धे बरोबर होते, आणि कुठल्या अर्ध्यात बरोबर ते कळायला आमची दोन वर्षं गेली. अशाच पेचात असलेली संस्था, संगीतसभा, देवस्थान किंवा आजोबांच्या मैफली वारशात मिळालेलं घर असेल, तर हे वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कॅसेट घरी होतात. स्पूल बहुधा बाहेर द्यावे लागतात. फिल्मला घरी हातही लावू नये. आणि यादीचं काम कुणालाच बाहेर देता येत नाही.

कॅसेट: वेळ की पैसा

तासाभराची फीत उतरवायला तासच लागतो. आमच्या बहुतेक कॅसेट नव्वद मिनिटांच्या, म्हणजे साधारण 510 तास. रोज दोन तास बसलं तर 255 दिवस. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा घरी करू म्हणणारा तट जरा शांत झाला.

पण बाहेर देताना हाच हिशेब दुकानदारालाही लागू असतो, हे लक्षात ठेवा. कुणी 340 कॅसेट आठवड्यात देतो म्हणाला तर विचारा: ‘फीत तिच्याच वेगाने वाजवता, की दुप्पट वेगाने? दोन्ही बाजू एकदमच घेता का?’ दोन्ही बाजू एका फेरीत वाचून दुसरी बाजू संगणकात उलटी करून घेता येते. त्याने वेळ वाचतो, पण प्रत्येक बाजूसाठी हेडचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाचा, कल जुळवणं राहून जातं. आणि वेग वाढवला की वरच्या पट्टीतला आवाज हमखास बोथट होतो. भाषणाला ते चालून जाईल. तंबोऱ्याला नाही.

हेडचा हा कल घरी करणाऱ्यांनीही समजून घ्यावा. ज्या यंत्रावर मुद्रण झालं त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर तुमच्या सरळ हेडवर तीच फीत घोंगडीखालून आल्यासारखी ऐकू येते. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो केसभर फिरवायचा, ‘स’ आणि ‘श’ टोकदार ऐकू आले की थांबायचं. पाच सेकंदांचं काम आहे. शेकडो कॅसेट घेणारं दुकान ते प्रत्येक वेळी करेलच असं नाही. घरचा माणूस करतो, कारण त्याला आवाज ओळखीचा असतो. मी कॅसेटच्या बाबतीत घराकडे झुकतो ते यामुळेच.

घरी करायचं तर यूएसबीची स्वस्त वॉकमनछाप खेळणी घेऊ नका. त्यांचा वेग डुलतो आणि लावलेला षड्ज बोटीत बसल्यासारखा हलतो. दुरुस्त केलेला जुना डेक, नवे रबर बेल्ट, स्वच्छ पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक), हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि आवाज संगणकात नेणारा एक साधा ऑडिओ इंटरफेस एवढं पुरतं. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी फुकट आहे. खर्च खरा होतो तो डेक दुरुस्त करणाऱ्या कारागिरावर, आणि तो शोधण्यावर. आमच्याकडे हा माणूस रेडिओ दुरुस्तीच्या बंद पडलेल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मिळाला.

कॅसेट यंत्रात घालण्याआधी दोन गोष्टी पाहा. वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन कान शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही मुद्रित होणार नाही. दुसरं, खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसते का? कोकणात आणि गोव्यात हे जवळजवळ गृहीतच धरावं. बुरशीची एक कॅसेट वाजवली की ती हेडला लागते आणि पुढच्या दहा कॅसेटना प्रसाद वाटते. अशा कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडेच द्या.

स्पूल आणि व्हीएचएस

स्पूलची भानगड वेगळी. वेग सेकंदाला 19 सेंटिमीटरचा की साडेनऊचा, ट्रॅक दोन की चार, हे डब्यावर क्वचितच लिहिलेलं असतं. चुकीच्या हेडवर लावलं की एकाच वेळी एक व्याख्यान सुलटं आणि दुसरं उलटं ऐकू येतं. पहिल्यांदा आम्ही घाबरलोच. शिवाय 1970 आणि 80 च्या दशकांतल्या काही फितींचा चिकट थर हवेतला ओलावा शोषून लिबलिबीत होतो आणि फीत हेडला चिकटून किंचाळते. अशी फीत सुमारे 54 अंश सेल्सियसला काही तास तापवून तात्पुरती वाजवण्याजोगी करतात. हा उपाय पॉलिएस्टरच्या फितींसाठी आहे. जुन्या अ‍ॅसिटेट फिती तापवल्या तर वाकड्या होऊन बसतात. गुंडाळी उजेडासमोर धरली आणि आरपार प्रकाश दिसला तर ती बहुधा अ‍ॅसिटेट. हे वाचून घरच्या ओव्हनकडे नजर गेली असेल, तर स्पूल बाहेर द्या.

चुंबकीय फितींच्या बाबतीत घाई का, तर फीत कुजते त्याआधी यंत्रं संपतात. युनेस्कोने 2019 मध्ये जगभरच्या संग्रहांना इशारा दिला होता तो याचाच: साधारण 2025 नंतर बहुतेक ठिकाणी फिती वाजवणंच कठीण होईल. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीने 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे ऑडिओ कॅसेट झाल्या की लगेच व्हीएचएस घ्या. चांगला व्हीसीआर मिळत असेल तर घरी, नाहीतर बाहेर. यात फार विचार करण्यासारखं काही नाही. मिनीडीव्ही (कॅमकॉर्डरची छोटी डिजिटल कॅसेट) असेल तर मात्र फायरवायर या केबलने आकडे जसेच्या तसे उतरवता येतात, तासाला साधारण 13 जीबी. तिथे टीव्हीच्या वायरीने पुन्हा मुद्रण करून देणाऱ्याला पैसे देऊ नका.

फिल्म: भिंतीवरून शूटिंग की स्कॅनर

इथे तुलना छोटी आहे. एका बाजूला जुन्या प्रोजेक्टरवर फिल्म लावून पडद्यावरचं चित्र कॅमेऱ्याने टिपणारे. दुसऱ्या बाजूला एकेक चौकट एलईडी दिव्यावर थांबवून स्कॅन करणारं यंत्र. पहिला प्रकार स्वस्त, पण 8 मिमीची फिल्म सेकंदाला साधारण 16 चौकटींनी धावते आणि व्हिडिओ 25 चौकटींनी, त्यामुळे चित्र लुकलुकतं. त्याहून वाईट म्हणजे जुनी फिल्म आक्रसलेली असते. प्रोजेक्टरचे दात तिच्या भोकांत नीट बसत नाहीत आणि कडेला ओळीने चिरा पडतात. ती फिल्म मग स्कॅनरवरही सरळ जात नाही. म्हणून आधी घरी एकदा लावून बघू, हा मोह टाळा.

खर्चाची भीती थोडी कमी करतो. 8 मिमीचं 50 फुटांचं रीळ चार मिनिटांचंच असतं. आमचे 15 डबे मिळून तासभरही भरले नाहीत. दर मिनिटावर आहे की डब्यावर, ते आधी विचारा. डब्यांवर असेल तर लहान रिळं जोडून मोठी करून द्यायची का, तेही. 8 मिमीला 2के पुरे. 4के विकणारा तुम्हाला फिल्मचे कण मोठे करून दाखवतोय.

डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर अ‍ॅसिटेटचा पाया विघटित होतोय. हा रोग थांबवता येत नाही, थंडाव्यात फक्त मंद होतो, आणि शेजारच्या डब्यांनाही लागतो. तो डबा वेगळा करून रांगेत पहिला लावा. 35 मिमीची, साधारण 1951 च्या आधीची फिल्म असेल तर ती नायट्रेट असू शकते. तिला स्कॅनिंगच्या दुकानाचा नाही, थेट फिल्म अर्काइव्हचा रस्ता दाखवा. नायट्रेट पेटलं की पाण्यानेही विझत नाही. पुण्यात 2003 च्या जानेवारीत नायट्रेट फिल्मच्या गोदामाला लागलेल्या आगीत ‘प्रभात’ची रिळं गेली, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

कुठल्या फाइलमध्ये मागायचं

दुकानदार एमपी3 देतो, कारण ती लहान असते आणि फोनवर वाजते. पण एमपी3 म्हणजे उसाचा रस; त्यातून पुन्हा ऊस काढता येत नाही. एका तासाच्या स्टिरिओ मुद्रणाला लागणारी जागा अशी:

| प्रकार | जागा |
|---|---|
| एमपी3, 128 केबीपीएस | सुमारे 58 एमबी |
| वेव्ह, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट | सुमारे 635 एमबी |
| वेव्ह, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट | सुमारे 1 जीबी |
| वेव्ह, 96 किलोहर्ट्झ, 24 बिट | सुमारे 2 जीबी |

ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान 48 आणि 24 ची, शक्यतो 96 ची. आमच्या सगळ्या कॅसेट 96 ला घेतल्या तरी एक टीबीच्या आसपास बसतात, त्यामुळे जागेसाठी कंजूषी करण्यात अर्थ नाही. व्हिडिओला मूळ प्रत एफएफव्ही1 या काहीही न गाळणाऱ्या प्रकारामध्ये आणि बघायची प्रत एमपी4 मध्ये मागा. एफएफव्ही1 म्हटल्यावर समोरचा गोंधळला, तर त्याचं काम कुठल्या दर्जाचं आहे ते तुम्हाला फुकटात कळलं. खरखर काढलेली, ‘साफ’ केलेली प्रत हवी तर जरूर घ्या, पण जादा म्हणून. आमच्या एका फितीत साफसफाईच्या नादात टाळ्यांबरोबर श्रोत्यांतली दादही पुसली गेली होती.

यादी: एक्सेल की सॉफ्टवेअर

खरं रणांगण हे. कॅसेटवरचा मजकूर असा असतो: ‘बुवा, गणपती, बाजू 2 खराब’. कुठले बुवा? कुठल्या वर्षीचा गणपती? रेकॉर्डवरून उतरवलेल्या एका कॅसेटवर नुसतं ‘नारायणराव’ होतं. ते राजहंस, म्हणजे बालगंधर्व, की नारायणराव व्यास? आवाज ऐकून हे सांगणारी माणसं आमच्याकडे तीन होती, तिघंही पंच्याहत्तरीपुढची. काम सुरू असतानाच त्यांतलं एक गेलं. त्या दिवसापासून आम्ही क्रम उलटा केला: आधी दहा-दहा मिनिटं ऐकवून ओळख पटवून घ्यायची, डिजिटायझेशन मागाहून.

अ‍ॅटम, ऑमेका, कलेक्टिव्हअ‍ॅक्सेस ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि चांगली आहेत. पण त्यांना सर्व्हर लागतो, आणि तो सांभाळणारा मुलगा नोकरीला बेंगळुरूला गेला की यादी कुलूपबंद होते. हजारभर वस्तूंपर्यंत एक्सेलच बरं. स्तंभ मोजके, पण शिस्तीचे: दाखल क्रमांक, काय आहे, कोण, कुठे, कधी, कालावधी, फितीची अवस्था, हक्क कुणाचा, ओळख कुणी पटवली. हा शेवटचा स्तंभ कुठल्याच तयार नमुन्यात सापडला नाही; आम्ही घातला आणि तोच सगळ्यात जास्त कामाला आला.

मराठी यादीत तीन खड्डे हमखास लागतात. पहिला फॉन्टचा. आधीच्या एका चिटणिसांनी केलेली यादी श्रीलिपी या जुन्या फॉन्टात होती. नव्या संगणकावर ती उघडली तर नुसती चिन्हांची जत्रा. यादी युनिकोडमध्येच करा. दुसरा नावांचा. ‘पं.’, ‘पंडित’, ‘बुवा’, आडनाव आधी की मागे? प्रत्येक व्यक्तीचं एकच रूप ठरवून वेगळ्या पानावर लिहा आणि टोपणनावं शेजारी द्या, म्हणजे कुमार गंधर्व शोधणाऱ्याला कोमकलीही सापडतील. तिसरा तारखांचा. ‘माघ, शके 1904’ वाचून कुणी सरळ 78 मिळवून 1982 लिहितो, पण तो माघ 1983 मध्ये येतो. मूळ मजकूर तसाच ठेवा, इंग्रजी तारीख शेजारच्या रकान्यात द्या.

फाइलच्या नावात मात्र देवनागरी नको आणि वर्णनही नको. रोमन अक्षरांतला दाखल क्रमांक आणि बाजू एवढंच. बाकी सगळं यादीत.

संग्रहालयाला देऊन टाकणं

हा तिसरा पर्याय लोक विसरतात. फिल्मसाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून आहे. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे आणि ते जतनाच्या कार्यशाळाही घेतं. शास्त्रीय आणि लोकसंगीताच्या मैफली असतील तर 1982 साली पुण्यात सुरू झालेलं आणि आता गुरुग्रामला असलेलं एथ्नोम्युझिकॉलॉजीचं, म्हणजे समाजांच्या संगीताच्या अभ्यासाचं, संशोधन केंद्र. अशा ठिकाणी साठवण तुमच्या कपाटापेक्षा कितीतरी चांगली असते. बदल्यात हाताशी असण्याची सोय जाते. देण्याआधी लेखी घ्या: डिजिटल प्रत तुम्हाला मिळणार का, मूळ परत मागता येईल का, ऐकायला कुणाला मिळेल. घरच्या लग्नाच्या व्हीएचएस मात्र कुणी घेणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

हक्कांबद्दल थोडक्यात. सार्वजनिक, नफा न कमावणाऱ्या वाचनालयाकडे मूळ प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये 2012 च्या दुरुस्तीपासून मुभा आहे. पण जतन वेगळं आणि यूट्यूबवर टाकणं वेगळं. प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षं टिकतो, कलाकाराचा हक्क 50 वर्षं. गायकाच्या घरी एक फोन आणि एक सहीचा कागद, एवढ्याने पुढची बरीच कटकट टळते. आम्हाला तर दोन घरांतून परवानगीबरोबर आणखी कॅसेट मिळाल्या.

काम झाल्यावर दोन हार्ड डिस्क, एक वाचनालयात आणि एक दुसऱ्या गावातल्या सभासदाकडे, शिवाय एक प्रत क्लाउडवर. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, दोन्ही डिस्क जोडून चेकसम (फाइल बदललेली नाही ना ते दाखवणारा आकडा) ताडून पाहतो. मूळ कॅसेट फेकल्या नाहीत. शेवटपर्यंत गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, स्पीकरपासून लांब ठेवल्यात; कपाट तेच, फक्त ते आता ओल येणाऱ्या भिंतीपासून हातभर पुढे ओढलंय.