स्टेंटनंतर फुग्यात गळती: कॉइल, दुर्बीण की पोट उघडायचं?

मामांच्या पोटातल्या महाधमनीचा फुगा स्टेंट-ग्राफ्टने (कापड लावलेली जाळीची नळी) आतून बंद केला होता. दोन वर्षांनी लातूरला सीटी केला, तर ५८ मिमीचा फुगा ६६ झालेला. नळी जागेवर होती, पण बाहेर फुग्यात रक्त येतच होतं. यालाच एंडोलीक म्हणतात. मामांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "पुन्हा पोट फाडतेत का रे?"

त्याआधी विचारायचं ते हे, की गळती कुठून आहे? नळीचं टोक सुटलं असेल, सांधा निखळला असेल किंवा कापड फाटलं असेल तर फुग्यावर पूर्ण दाब येतो. तिथे थांबू नका. बहुतेकदा जांघेतूनच नवा तुकडा बसवतात. मामांची गळती दुसऱ्या प्रकारची होती: कमरेच्या किंवा आतड्याच्या छोट्या धमन्यांतून उलटं येणारं रक्त. ही पुष्कळदा आपोआप थांबते. फुगा वाढत नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात, ५ ते १० मिमी वाढला की उपचाराचं बोलतात.

गळणारी धमनी बुजवायला कॉइल (तारेची बारीक गुंडाळी) किंवा ग्लू (डिंकासारखं औषध) बारीक नळीतून घालतात, नाहीतर पाठीतून थेट फुग्यात सुई टोचतात. बहुधा जागा बधिर करूनच होतं. पण एक तोंड बुजवलं की दुसरं उघडतं, म्हणून पुन्हा करावं लागू शकतं. फिल्मवर धमन्या दिसायला डाय लागतो, तो मूत्रपिंडाला जड जाऊ शकतो, तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी बघा.

पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीने त्याच धमन्यांना बाहेरून क्लिप लावतात. ग्राफ्टला हात लागत नाही. मात्र पूर्ण भूल लागते, कमरेच्या धमन्या महाधमनीच्या मागे दडलेल्या असतात आणि यात हात बसलेले सर्जन थोडे. "तुम्ही स्वतः किती केल्यात?" हे विचारायला लाजू नका.

पोट उघडणं हे ग्राफ्टला जंतुसंसर्ग झाला किंवा बाकी सगळं फसलं तर. जोखीम सगळ्यात मोठी.

आपल्याकडून पुणे किंवा हैदराबाद गाठायचं तर प्रत्येक खेपेला सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते. म्हणून कॉइलच्या खर्चात पुढच्या खेपाही धरा. मधली डॉपलर सोनोग्राफी गावाजवळ होईल का, डॉक्टरांना विचारा. जुन्या स्कॅनची सीडी आणि स्टेंटचं कार्ड जवळ ठेवा. पोटात किंवा पाठीत एकदम जोराची कळ आली तर तारखेची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा.

बिडीने मामांची फुप्फुसं खराब, पूर्ण भूल धोक्याची. गळती आतड्याच्या एकाच धमनीतून स्पष्ट दिसत होती, म्हणून आम्ही कॉइल घेतलं. फुगा ६६ वरच थांबलाय. पुढची सोनोग्राफी पोळा झाल्यावर.