म्हापशात ७,८०० रुपयांना घेतलेलं नकली ग्राफिक्स कार्ड: निळं सॉकेट दिसलं तर तिथूनच परत फिरा

आधी आकडे सांगते. ५०० रुपये टोकन, ७,३०० रुपये जागेवर, दोन्ही यूपीआयने. कार्डाचे झाले ७,८००. फोंडा-म्हापसा दोन खेपांचं पेट्रोल ३००. कार्ड तपासून घ्यायचे ३५०. एकूण ८,४५० रुपये. याच कार्डासाठी २,८५० रुपयांचा नवा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) घेतला होता, तो यात धरत नाही. तो खरा आहे, पक्क्या बिलाचा आहे आणि चालतोय. पोलीस ठाण्यांच्या पायऱ्या झिजवण्यात अडीच रजा गेल्या, त्याही धरलेल्या नाहीत.

हे लिहायला मला तीन आठवडे लागले, कारण लाज वाटत होती. मी फोंड्यात अकाउंट्सचं काम करते. दिवसभर लोकांची बिलं तपासते, कच्च्या पावतीवर कोणी खर्च लावला तर तो परत पाठवते. त्याच बाईने साध्या कागदावर खरडलेली पावती पर्समध्ये घालून घरी आणली. पण मला कार्ड विकणाऱ्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे, म्हणून लिहिते आहे.

माझा डेस्कटॉप २०१६ चा. आय-फाइव्ह ६५०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आणि त्यात जीटी ७३० हे जुनं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र काढणारा भाग), ज्यावर गेम म्हणजे नुसता स्लाइड शो. माझा दादा बोटीवर असतो. यंदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्याला रजा मिळाली होती. आम्ही दोघं शाळेपासून एकत्र गेम खेळत आलोय. वर्षातले ते दहा-बारा दिवस तरी गेम अडखळत चालू नये, एवढंच हवं होतं. नवं कार्ड सतरा हजारांच्या खाली मिळत नव्हतं. म्हणून सेकंडहँड जीटीएक्स १०६०, ६ जीबीचं. या कार्डाला लोक हसतील, पण १०८०पी वर, म्हणजे साध्या फुल एचडी पडद्यावर, मला पुरेसं होतं.

मी बेसावध गेले नव्हते. उलट दोन आठवडे वाचत होते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ते चलन कमावण्यासाठी ग्राफिक्स कार्डांवर चालणारी आकडेमोड) बंद पडलं आणि दिवसरात्र तापलेली कार्डं जुन्या बाजारात आली, हे मला माहीत होतं. त्यामुळे माझे सगळे प्रश्न मायनिंगचे. पंखे घरघरतात का? थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर काढणारा लेप) कधी बदलली? कार्ड उघडलंय का? विकणारा शांतपणे म्हणाला, "ताई, एकाच गिऱ्हाइकाचं आहे, गेमिंगचं. मायनिंगचा माल मी ठेवतच नाही." मला तेच ऐकायचं होतं. कार्ड झिजलेलं असेल का याचीच भीती मी धरून बसले. मुळात ते कार्ड तेच आहे का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. चोर मागच्या दाराने येईल म्हणून मी तिथे बसून राहिले आणि तो पुढच्या दाराने आला.

म्हापशाला गेले तो शुक्रवार. बाजाराचा दिवस, त्यात चवथ तोंडावर आलेली. माटोळीच्या सामानाची गर्दी, स्कूटर लावायला अर्धा तास. जाहिरातीत "दुकान" लिहिलं होतं. प्रत्यक्षात मोबाइल दुरुस्तीच्या एका गाळ्यात मागच्या बाजूला टेबल टाकलेलं. बोर्ड भलत्याच नावाचा. तो म्हणाला, "पार्टनरचा गाळा आहे." आज लक्षात येतं, शुक्रवार त्यानेच ठरवला होता. बाजाराच्या दिवशी आलेलं माणूस घाईत असतं.

टेबलावर उघडा कॅबिनेट आणि जुना चौकोनी मॉनिटर. कार्ड आधीच लावलेलं. त्याने डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी) उघडून दाखवला: जीफोर्स जीटीएक्स १०६०, ६ जीबी. मग जीटीए फाइव्ह लावला. चालला, बऱ्यापैकी चालला. मी सेटिंग बघायला माउस मागितला तर म्हणाला, "मागे गिऱ्हाईक थांबलंय, ताई." खरंच एक मुलगा उभा होता.

आता जे सांगते ते नीट वाचा.

मी कॅबिनेटच्या मागे वाकले, केबल कुठे जाते ते बघायला. कार्डाच्या पट्टीवर मॉनिटर जोडायची तीन तोंडं होती. एक एचडीएमआय, एक पांढरं डीव्हीआय आणि एक निळं. निळं म्हणजे व्हीजीए, पंधरा भोकांचं, दोन्ही बाजूंना षटकोनी पितळी नट. मॉनिटरची जाड काळी केबल त्याच निळ्या तोंडात स्क्रूने घट्ट बसवलेली होती. एका नटाला गंज चढलेला. हे सगळं मी एका विताच्या अंतरावरून बघितलं. आणि मला काय वाटलं? आनंद झाला. घरी बाबांचा जुना १९ इंची मॉनिटर आहे, त्याला फक्त व्हीजीए आहे. बाबा गेल्यापासून तो माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलाय. मनात आलं, बरं झालं, तोही आता जोडता येईल. मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "म्हणूनच तर हे मॉडेल चांगलं."

या कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने जीटीएक्स १० सिरीजपासून (१०६० त्यातलंच) अॅनालॉग, म्हणजे व्हीजीएला लागणारं, आउटपुट काढून टाकलं आहे. १०६० च्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही. त्या कार्डांवरच्या डीव्हीआयलासुद्धा आडव्या फटीभोवतीची अॅनालॉगसाठीची चार भोकं नसतात. म्हणजे ते निळं सॉकेट हाच पुरावा होता. मी त्याच्याकडे बघून हसले आणि ७,३०० रुपये पाठवले. रात्री अंथरुणावर पडले की अजून तो गंजलेला नट डोळ्यांपुढे येतो.

पैसे पाठवताना फोनवर जे नाव आलं ते त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं होतं. विचारलं तर म्हणाला, "बायकोचं खातं." यूपीआयवर दिसणारं नाव बँकेत नोंदलेलं असतं. ते वेगळं आलं तर पैसे पाठवू नका, मग ते बायकोचं असो की सासूचं. पावतीवर "ग्राफिक कार्ड १ नग, टेस्टिंग ७ दिवस" आणि एक सही. जीएसटी नंबर नाही. गोव्यातल्या दुकानाचा जीएसटी नंबर ३० ने सुरू होतो आणि १५ आकडी-अक्षरी असतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तिथे मी विचारलं नाही. उन्हात उभी केलेली स्कूटर, गर्दी, घरी पोचायची घाई. ही कारणं आहेत, सबब नाही, पण लिहून ठेवते.

घरी कार्ड चाललं. त्याने पेनड्राइव्हवर ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवण्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर) दिला होता आणि तीनदा बजावलं होतं, "नवीन ड्रायव्हर टाकू नका, गडबड करतो." कोणी असं म्हणाला तर तिथेच थांबा. दादा आला, आम्ही जरा अलीकडचा गेम लावला. सुरू झाला, पाच मिनिटांत पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन आणि सगळं बंद. परत लावला, परत तेच. दादानेच एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर टाकला. मशीन रिस्टार्ट झालं आणि पडदा काळा तो काळाच. मी म्हापशाला फोन केला. "सांगितलं होतं ना ताई, ड्रायव्हर टाकू नका म्हणून." वर मलाच ऐकवलं, आणि मी सॉरी म्हटलं!

चवथीचे दिवस, सगळं बंद. पाचव्या दिवशी फोंड्यातल्या एका दुरुस्तीवाल्या पोराकडे कार्ड नेलं. त्याने जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर उघडलं. कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात लिहून आलं: फेक. चिपचं नाव जीएफ११६. शेडर (चिपमधले आकडेमोड करणारे छोटे भाग) १९२. खऱ्या १०६० ला १,२८० असतात. चिप ४० नॅनोमीटरची, खरी १६ ची (आकडा जितका लहान तितकी चिप नवी). "ताई, उघडू?" म्हणाला. चार स्क्रू काढून त्याने पंख्याचा भाग वेगळा केला आणि चिपवरची राखाडी पेस्ट टिश्यूने पुसली. एकेक अक्षर वर आलं: जीएफ११६-४००. म्हणजे जीटीएक्स ५५० टीआय, मार्च २०११ मध्ये आलेलं, १ जीबीचं कार्ड.

करतात काय, तर जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये (कार्डाच्या आतल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) दुसऱ्या कार्डाचं नाव आणि खोटी मेमरी लिहितात. विंडोज तेच वाचून दाखवतं. डिव्हाइस मॅनेजर म्हणजे कार्डाने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट, तपासणी नव्हे. ६ जीबी आहे असं समजून गेम १ जीबीच्या पुढे गेला की कोसळतो. आणि जीटीए फाइव्ह कॉम्प्युटरवर २०१५ मध्ये आला, त्याला किमान लागणारं कार्ड १ जीबीचं ९८०० जीटी. तो तर त्या भंगारावर चालणारच होता. म्हणूनच त्याने तो लावला. ५५० टीआयच्या पिढीला एनव्हिडियाने २०१८ मध्येच गेमचे नवे ड्रायव्हर देणं थांबवलं, म्हणून ती नव्या ड्रायव्हरची भीती.

जीपीयू-झेड पेनड्राइव्हवर स्वतः घेऊन जा. त्याच्या मशीनवर आधीपासून असलेलं चालवू नका. तो चालवू देत नसेल तर निघा.

त्या संध्याकाळी त्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "तुम्हीच कार्ड बदललंत." दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. मी आणि दादा म्हापशाला गेलो, तर गाळेवाला म्हणाला, टेबल महिन्याच्या भाड्याने दिलं होतं, तो गेला. कार्ड पहिल्यांदा लावतानाच माझा व्हिडिओ काढलेला असता, सीरियल नंबरच्या स्टिकरसकट, तर "तुम्हीच बदललंत" म्हणायची त्याची छाती झाली नसती.

आता पोलिसांचं. आमच्या भागातल्या ठाण्यावर पहिल्यांदा गेले तर बंदोबस्त, विसर्जन झाल्यावर या. नंतर गेले तर, "यूपीआय ना? सायबरचं काम." सायबरवाल्यांकडे गेले, सव्वा तास बाकावर बसले. तिथे सांगितलं, तुम्ही वस्तू हातात घेऊन, बघून पैसे दिलेत, हा ऑनलाइन फ्रॉड नव्हे, जिथे घेतलीत त्या ठाण्यावर जा. तिथे गेले. हवालदाराने पावती उलटसुलट करून बघितली. "बाय, बील खंय आसा?" हेच आहे म्हटलं. मग कार्ड कशासाठी असतं ते विचारलं. सांगितलं. त्याने शेजारच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गेम खेळपाक इतले पयशे?" वर, "घरवाल्यांक खबर आसा?"

मी एकतीस वर्षांची आहे. स्वतःच्या पगारातून घेतलं. फ्रिज फसवून विकला असता तर घरच्यांना माहीत आहे का असं विचारलं असतं? मी गेम खेळते की पापड लाटते याच्याशी गुन्ह्याचा काय संबंध? शेवटी ऐकवलं, हे सिव्हिल मॅटर, रक्कम लहान, तुम्ही आपसात मिटवा. ज्याचा पत्ता नाही त्याच्याशी आपसात कसं मिटवायचं? अर्ज ठेवून घ्या, पोच द्या म्हटलं. "साहेब नाहीत, फाल्यां यो," म्हणजे उद्या या. फाल्यां गेले. साहेब नव्हते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा साहेब होते, पण शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. तीन ठाणी, सहा खेपा, आणि माझ्या हातात एक सही नाही. ज्याने फसवलं त्याने दहा मिनिटं घेतली, आणि ज्यांनी ऐकून घ्यायचं त्यांनी अडीच दिवस घेऊन काही केलं नाही. मला राग कोणाचा जास्त येतो हे विचारू नका.

घरी येऊन स्वतः वाचलं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३: दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. फसवून पैसे द्यायला लावणं हे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे "हद्द आमची नाही" हे उत्तरच चुकीचं होतं. ठाण्याने नोंद घेतली नाही तर तीच माहिती लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. हे मला पहिल्या दिवशी माहीत असतं तर शिक्क्याच्या किल्लीची वाट बघत बसले नसते. आणि ज्यांचे पैसे ऑनलाइन फसवणुकीत गेलेत त्यांनी त्याच तासात १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, दुसऱ्या दिवशी नाही.

एएमडी या दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेणाऱ्यांनीही सांभाळा. आरएक्स ५८० म्हणून 'आरएक्स ५८० २०४८ एसपी' हे कमी ताकदीचं मॉडेल विकतात. पूर्ण ५८० ला २,३०४ स्ट्रीम प्रोसेसर (एएमडीच्या भाषेत शेडर) असतात. तो आकडाही जीपीयू-झेडमध्येच दिसतो.

दादा परत बोटीवर गेला. जाताना मला नवं कार्ड घ्यायला पैसे देत होता, मी घेतले नाहीत.

माझं कार्ड असं आहे: काळं, दोन पंख्यांचं, पंख्यांमध्ये लाल पट्टी, एका पंख्यावरचा स्टिकर कडेने सुटलेला, मागे निळं व्हीजीए. अगदी असंच कार्ड आता ८,२०० ला जाहिरातीत आहे, मडगावच्या पत्त्यावर. बार्देश, फोंडा, सासष्टी, कुठेही कोणी असं कार्ड घेतलं असेल तर पावती आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. अधीक्षकांचा अर्ज मी लिहून ठेवलाय, सोमवारी रजिस्टर्ड पोस्टाने टाकते आहे. आणखी दोन-तीन सह्या त्यावर आल्या तर त्याला कोणी "लहान रक्कम" म्हणणार नाही.