मोठ्या मालवाहतूक कंपनीत चालकाची नोकरी : उभ्या गाडीचा हिशेब

देशभर गाड्या चालवणाऱ्या एका मोठ्या मालवाहतूक कंपनीत मी एप्रिल २०२३ ते मे २०२४ असे चौदा महिने चालक म्हणून काम केले. त्याआधी अकरा वर्षे शिरोलीतील एका मालकाच्या दहाचाकीवर होतो. फौंड्रीतले कास्टिंग (ओतकाम केलेले सुटे भाग) भरून चाकणला किंवा तमिळनाडूतल्या होसूरला न्यायचे आणि परतीला मिळेल ते भाडे घेऊन कोल्हापूर गाठायचे, असा तो नेम होता. आता माझा पुतण्या त्याच कंपनीत अर्ज करून बसला आहे आणि ‘काका, पगार चांगला हाय की, मग एवढं काय बघायचं?’ असे विचारतो आहे. त्याला तोंडी जे सांगितले, तेच येथे नीट लिहून ठेवतो. कंपनीचे नाव देत नाही, कारण इतर दोन-तीन कंपन्यांत गेलेल्या ओळखीच्या चालकांनी ज्या अटी सांगितल्या, त्या जवळपास अशाच होत्या.

प्रथम पगाराविषयी. जाहिरातीत ‘महिना ३५,००० रुपयांपर्यंत’ असे लिहिलेले असते आणि त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. माझा मूळ पगार १७,००० रुपये होता आणि त्यावर धावलेल्या प्रत्येक किलोमीटरला २ रुपये भत्ता होता. म्हणजे ३५,००० हातात पडायचे असतील, तर महिन्याला ९,००० किलोमीटर, म्हणजेच एकही सुटी न घेता रोज ३०० किलोमीटर गाडी पळाली पाहिजे. चौदा महिन्यांत हा आकडा मी दोनदाच गाठला. एरवी ६,००० ते ६,५०० किलोमीटर व्हायचे आणि पगार २९-३० हजारांच्या घरात जायचा. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, पाऊण टक्का आणि रस्त्यावरचे जेवण-चहा वजा केले की घरी पाठवायला वीस हजारांच्या आसपास उरत. मालकाकडेही साधारण तेवढेच उरत होते, मात्र तिथे निधी नव्हता आणि पावतीही नव्हती.

गाडी कमी धावण्याचे कारण चालकाचा आळस नसतो, हे या धंद्याबाहेरच्या माणसाला पटवून द्यावे लागते. कारखान्याच्या दारात गाडी लागली की टोकन, वजनकाटा, गेटपास, मग भराईचा किंवा उतराईचा नंबर, मग पोच पावतीवर सही-शिक्का, अशी रांग असते आणि दुपारच्या पाळीचा साहेब जेवायला गेला की ती जागची हलत नाही. आमच्या करारात पहिले २४ तास थांबण्याला भत्ता नव्हता आणि पुढचा भत्ता पूर्ण दिवस भरल्यावरच मिळत असे. होसूरच्या एका कारखान्याबाहेर मी ३१ तास उभा होतो आणि त्याबद्दल मला एक रुपयाही मिळाला नाही. त्यानंतर मी वही घातली आणि एका महिन्याचे असे उभे तास लिहून काढले. ते १६८ भरले, म्हणजे बरोबर सात दिवस. गाडी थांबवून ठेवल्याबद्दल कंपनी कारखान्याकडून दंड आकारते, हे मला नंतर कार्यालयातल्याच एका लिपिकाकडून कळले. त्या दंडातला वाटा गाडीत बसून राहिलेल्या माणसापर्यंत का येत नाही, या प्रश्नाला तिथे कोणाकडेही उत्तर नव्हते.

मालकाकडेही उभ्या गाडीचे पैसे मिळत नसत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली, तेव्हा मी किणीच्या अलीकडे रांगेत अडकलो होतो. आसपासच्या गावातील लोक भाकरी-झुणका घेऊन येत होते. मालकाने पैसे दिले नाहीत, पण रोज माझ्या घरी फोन करून खुशाली मात्र कळवली. कंपनीत या कामासाठी एक क्रमांक असतो आणि तो लावला की आधी भाषा निवडावी लागते.

दुसरा मुद्दा ॲव्हरेजचा आहे आणि माझ्या मते नव्या माणसाने सर्वांत बारकाईने पाहावा असा तोच आहे. कोल्हापूर ते बेंगळुरू हे अंतर सुमारे ६१० किलोमीटर. माझ्या गाडीसाठी कंपनीने लिटरला ४.२ किलोमीटर असे ॲव्हरेज ठरवले होते, म्हणजे एका बाजूला १४५ लिटर. भरलेली गाडी प्रत्यक्षात ४ देत होती, म्हणजे १५२ लिटर. वरच्या सात लिटरचे पैसे माझ्या भत्त्यातून जात. तवंदी घाटाचा चढ, सातारा-कागल सहापदरीकरणामुळे जागोजागी सेवारस्त्यावर वळवलेली वाहतूक आणि पुण्याच्या बाजूला जाताना किणी व तासवडे टोलनाक्यांवरच्या रांगा यांचा विचार त्या आकड्यात कुठेच दिसत नव्हता. याचा परिणाम केवळ खिशावर होत नाही. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची जुनी खोड अनेकांना आहे. पुण्यात नवा कात्रज बोगदा ओलांडल्यावर नवले पुलाकडे जो लांब उतार आहे, तिथे अवजड गाडी अशी सोडली तर इंजिनाचा धाक निघून जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी दगा देतात. तिथल्या अपघातांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. कंपनीचे प्रशिक्षक हे उत्तम रीतीने समजावून सांगतात, जीपीएस यंत्रणा न्यूट्रल पकडते आणि त्याबद्दल ताकीदही मिळते. परंतु सकाळी न्यूट्रलबद्दल रागावणारे कार्यालय संध्याकाळी ॲव्हरेजबद्दलही रागावते. मी सात लिटरचे पैसे भरत राहिलो आणि गाडी गिअरमध्येच उतरवली.

वेळेच्या घाईबद्दलही थोडे सांगतो. नियंत्रण कक्षातून ‘ई-वे बिल संपेल, थांबू नका’ असा फोन रात्री दोन वाजताही येतो. ई-वे बिल म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. जानेवारी २०२१ पासून त्याची मुदत दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस अशी आहे. त्यामुळे बेंगळुरूच्या फेरीला चार दिवस मिळतात आणि गाडी दीड-दोन दिवसांत पोहोचते. खरी घाई कारखान्याशी केलेल्या वेळेच्या कराराची असते. मी काम करत होतो तेव्हा १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा लागू होता. त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्याला वाढवून १० आणि ५४ तास, अशी मर्यादा होती आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती. आता हा विषय नव्या कामगार संहितांमध्ये गेला आहे. कंपनीच्या नोंदीत माझे तास नेहमी मर्यादेत दिसत, कारण रांगेत उभे राहिलेले तास त्यात ‘विश्रांती’ म्हणून धरलेले असत.

आता जमेची बाजू, कारण ती लहान नाही. चौदा महिन्यांत मी एकदाही जादा माल भरलेली गाडी चालवली नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मालाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. मालकाकडे असताना प्रत्येक वजनकाट्यापुढे छातीत धडधडायचे, ते कंपनीत पार थांबले. टायर वेळेवर बदलले जात, धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या युरियाची टाकी कधी रिकामी नसे आणि विम्याची किंवा फिटनेसची मुदत संपल्याचे मला एकदाही आढळले नाही. एका सहकाऱ्याच्या गाडीला तुमकुरूच्या पुढे दुचाकी धडकली, तेव्हा कंपनीचा वकील दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात हजर होता. जानेवारी २०२४ मध्ये नव्या फौजदारी कायद्यातील, जीवघेण्या अपघातानंतर न कळवता पळून गेल्यास होणाऱ्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा आमच्यातील प्रत्येकाला हाच प्रश्न पडला होता की आपल्यामागे कोण उभे राहील. या बाबतीत कंपनीला मी पूर्ण गुण देतो.

केबिन बरी होती, परंतु वातानुकूलित नव्हती. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालगाड्यांना ती सोय सक्तीची झाली आहे, त्यामुळे नव्या माणसाने आपल्याला कोणत्या सालची गाडी मिळणार, हे विचारून घ्यावे. क्लिनर मात्र मिळत नाही. रिव्हर्स घेताना मागे उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा कोणी नसतो, आणि रात्री गाडीत एकट्याने झोपण्याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

घराचे म्हणाल तर मालकाची गाडी कोल्हापूरची असल्यामुळे ती कोल्हापूरलाच परत येत असे. कंपनीची गाडी कोणत्याच गावाची नसते. होसूरला खाली झाली की हैदराबाद, तिथून नागपूर, असे करत मी एकदा २४ दिवस बाहेर होतो. चैत्रातील जोतिबाच्या यात्रेसाठी मी महिनाभर आधी रजा मागितली, ती मंजूर झाली आणि पौर्णिमेच्या दिवशी मी दावणगेरेजवळ एका गोदामाच्या दारात उभा होतो. शेवटी मी कोल्हापूर-हुबळी अशी ठरलेली लेन, म्हणजे ठरावीक मार्ग, मागून घेतली. सुमारे २०० किलोमीटर जायचे, तिथे पुढच्या चालकाच्या हाती गाडी द्यायची आणि दुसरी गाडी घेऊन परत यायचे. किलोमीटर कमी झाले, पगार तीनेक हजारांनी घटला, पण एक दिवसाआड घरचे जेवण मिळू लागले आणि थांबण्याचे तास जवळजवळ संपले, कारण कारखान्याची रांग दुसऱ्या टोकाच्या चालकाकडे गेली. त्याचे काय झाले असेल, हे मी जाणून आहे.

नोकरी सोडल्यावर १०,००० रुपयांची अनामत परत मिळायला चार महिने लागले. निधीचे पैसे मात्र व्यवस्थित खात्यात जमा झालेले होते.

पुतण्याला मी तीन प्रश्न कागदावर लिहून दिले. उभ्या गाडीचा भत्ता कितव्या तासापासून सुरू होतो, ॲव्हरेज कोणत्या मार्गावर आणि किती वजनावर ठरवले आहे, आणि ठरलेली लेन पहिल्या दिवसापासून मिळेल का. मूळ लायसन्स जमा करून घ्यायला मागितले तर देऊ नये, हेही बजावले. तो परवा कार्यालयात जाऊन आला. पहिल्या प्रश्नाला ‘ते फेरीवर अवलंबून आहे’ आणि दुसऱ्याला ‘ते सिस्टीम ठरवते’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्याला हुबळीची लेन मिळेल, परंतु पगार २६,००० च्या वर जाणार नाही, असे सांगितले. हे शेवटचे वाक्य त्याने नेमणूकपत्रावर लिहून मागितले आहे. पत्र अजून आलेले नाही आणि ते येईपर्यंत तो गोकुळ शिरगावातल्या एका मालकाची गाडी चालवतो आहे.