ओपन डी की ओपन जी?

अहिराणी गाण्यांना गिटारची साथ करायचीय, पण ओपन ट्यूनिंग (फ्रेट न दाबता छेडल्या तरी तारांतून एक कॉर्ड वाजतो ते) कोणतं घ्यावं, ठरत नाही? ओपन डी आणि ओपन जी, दोन्हींत नेहमीच्या म्हणजे स्टँडर्ड ट्यूनिंगवरून तारा उतरवायच्याच असतात, तुटायची भीती नाही.

ओपन जीला तीनच तारा हलतात: सहावी (सर्वांत जाड) आणि पहिली (सर्वांत बारीक) डीवर, पाचवी जीवर. पण ‘सा’ पाचवीवर. सहावी चुकून छेडली की खालचा पंचम घुमतो.

ओपन डीला चार: सहावी-पहिली डी, तिसरी एफ शार्प, दुसरी ए. जाड तारेकडून सा-प-सा, थेट तंबोराच! मात्र बाराच्या सेटची (पहिली तार ०.०१२ इंच जाड) सहावी ढिली पडून फ्रेटवर खडखडू शकते. त्याहून जाड तेराचा सेट बरा. जळगावच्या मे महिन्यात गिटार उन्हात राहिली तर सूर आणखी उतरतो.

घडीघडी स्टँडर्डवर परतणाऱ्याने जी घ्यावं. एकट्याने गाणाऱ्याला डी.